वुकाचा कान आणि तोझाचा कोळी

मुलीकडे नीशला निघताना देसांका दारात उभी राहून नवऱ्याला म्हणाली होती, "घर साफ करून ठेव. कोपरान् कोपरा. स्लावा तोंडावर आलाय. मी परत येईन तेव्हा जुन्या घाणीची खूणसुद्धा दिसता कामा नये." ग्रादिमिरने लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोचं म्हणणं शब्दशः पाळलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी कुणाला बोलावणं जात नाही आणि कुणी यायचं राहत नाही. येणारा येतो, मेणबत्तीपुढे क्रुसाची खूण करतो, जेवायला बसतो आणि जेवता जेवता कपाटाच्या वर, चुलीच्या खाली, पडद्याच्या मागे अशी नजर फिरवून घेतो. वर्षभर गावात तुमच्या घराबद्दल जे बोललं जाणार असतं, ते त्या एका जेवणात ठरतं. म्हणून ग्रादिमिरने सतरंज्या कुंपणावर टाकून बडवल्या, खिडक्या व्हिनेगरने पुसल्या, चुलीचा पाइप उतरवून त्यातली काजळी काढली, आणि बाकी राहिलेला अर्धी बादली चुना कोंबड्यांच्या खुराड्यालाही फासला. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला इतकं सुख कधी लाभलं नव्हतं.

मग त्याची नजर देसांकाच्या भरतकामाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर गेली.

हा कॉम्प्युटर बऱ्याच वर्षांपूर्वी भरतकामाच्या मशीनबरोबरच घरात आला होता. नोवी सादहून आलेल्या एका विक्रेत्याने तो मांडून दिला, जाडजूड केबलने मशीनला जोडून दिला, त्यात प्रोग्रॅम घालून दिला आणि काही वर्षांनी स्वतः कॅनडाला निघून गेला. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. चालतंय ना, मग चालू दे. आम्हा पिरोतकरांच्या चिक्कूपणावर अख्ख्या सर्बियात विनोद चालतात. ते विनोदही आम्हीच बनवतो आणि वाटतो, आमच्या गावात फुकट मिळणारी तेवढी एकच वस्तू आहे.

ग्रादिमिरने आधी बाहेरून सुरुवात केली. रंगाच्या ब्रशने धूळ झाडली. डब्याच्या बाजूला एक मळकट रंगीत स्टिकर होता, तो कोमट पाण्यात भिजवून सुरीने खरवडून काढला. मग त्याच्या मनात आलं, बाहेरून चकाचक झालं, पण आत? जावयाने मागच्या खेपेला विसरलेली विंडोज एक्सपीची सीडी खिडकीतच पडली होती. ती त्याने आत सरकवली. पडद्यावर प्रश्न आला : सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची का? ग्रादिमिरला वाटलं, देसांकाच बोलतेय. त्याने हो म्हटलं. पुढचा प्रश्न आला : झटपट करायचं की पूर्ण? बायकोला झटपट सफाई अजिबात खपत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने पूर्ण म्हटलं आणि अंगणात जाऊन सतरंज्या आत घेतल्या.

परत आला तर पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि निळं आकाश. धुऊन काढल्यासारखं. ग्रादिमिर खूश झाला. सहज म्हणून त्याने विक्रेत्याने दिलेली भरतकामाच्या प्रोग्रॅमची सीडी घातली. एक छोटी चौकट आली, 'चुकीची आवृत्ती' म्हणाली आणि गडप झाली. त्याने पुन्हा घातली. पुन्हा तेच. मशीनची सुई हवेत जिथल्या तिथे उभी.

तेव्हा त्याने सुईखाली पाहिलं. तिथे नेवेनाच्या लग्नाचे पंचे होते.

बेकरीवाल्या स्पासाच्या मुलीचं, नेवेनाचं, शनिवारी लग्न होतं. आमच्याकडे लग्नात नवरानवरीची नावं भरलेला पंचा करवल्याच्या खांद्यावर लागतो, वाजवणाऱ्यांच्या गळ्यात लागतो, आणि वरातीतल्या प्रत्येक गाडीच्या आरशाला लागतो. देसांकाने जाण्याआधी सगळ्या पंच्यांवर नवऱ्याचं नाव भरून ठेवलं होतं. नवरीचं एकावरही नव्हतं. ती गुरुवारी परत येऊन ते भरणार होती. तसेच पंचे गेले असते तर अख्ख्या गावाने पाहिलं असतं की बिचारा मुलगा एकटाच लग्न करतोय. आणि देसांकाच्या हातून उभ्या आयुष्यात एकही काम वेळ चुकवून गेलं नव्हतं. ते आता तिच्या नवऱ्याच्या हातून होणार होतं.

ग्रादिमिरने कॉम्प्युटर ढकलगाडीत घातला, वर घोंगडी टाकली आणि बाजाराकडे निघाला.

"काय ग्रादा, डुकराचं पिल्लू वाटतं?" खाटकाने दुकानातून हाक मारली. "भाजायला चाललास?"

"हो," ग्रादिमिर म्हणाला.

"ओरडत कसं नाही?"

"मेलंय."

हे मात्र त्याने अगदी मनापासून सांगितलं.

वुकाचं दुकान बाजाराच्या टोकाला, जुन्या चांभाराच्या टपरीत. आत दोन माणसं मावतात, आणि त्यातलं एक वुका असल्याने दुसऱ्याला दारातच उभं राहावं लागतं. वुकोसावा हे तिचं पूर्ण नाव बाप्तिस्म्यानंतर कुणी वापरलेलं नाही. गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तरुणपण घालवलं. त्या काळी फोन उचलून नंबर सांगायची गरज नव्हती. तुम्ही नुसतं खाकरलात की वुका म्हणायची, "डॉक्टर घरी नाही, दवाखान्यात जोडते," आणि तुमच्या घशाची एकूण तऱ्हा पाहून तेच बरोबर असायचं. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं. बाकीच्या मुलींना घरी पाठवलं, वुकाला तळघरात नव्या यंत्रापाशी बसवलं, कारण ते यंत्र बिघडायच्या आधी घरघरतं हे फक्त तिला ऐकू यायचं. बेलग्रेडहून आलेले इंजिनीयर हसले. यंत्र बिघडलं. इंजिनीयर पुन्हा आले, या वेळी चीजचा गड्डा घेऊन. नंतर तळघरही बंद झालं, आणि वुकाने बाहेर पडताना तिथली सगळी हत्यारं ॲप्रनच्या खिशातून घरी आणली. नवरा तिचा व्हिएन्नाला गवंडीकाम करतो आणि वर्षातून एकदा स्लावाला येतो. "एवढंच प्रमाण बरोबर आहे," असं वुका म्हणते. "जास्त घेतलं की डोकं दुखतं."

तिच्या दुकानाचा एकच नियम. काय बिघडलं ते सांगायचं नाही, वाजवून दाखवायचं. त्यामुळे टपरीवरून जाताना पोस्टमास्तर प्रिंटरसारखे खर्र-खट्-खर्र करताना दिसतात, शाळेच्या मुख्याध्यापिका कडकड करताना दिसतात, आणि कुणी थांबतसुद्धा नाही.

"घोंगडी काढ," वुका म्हणाली. "आणि 'मी काही केलं नाही' असं म्हणणार असशील तर तसाच परत जा. शाळेपासून ओळखते तुला."

"मी साफ केला," ग्रादिमिर म्हणाला.

वुकाने सिगारेट तोंडातून काढली. कॉम्प्युटर चालू केला, बराच वेळ काहीतरी बडवत बसली, आत डोकावली, डबा उलटा करून पाहिला.

"बाजूला स्टिकर असतो. कोणतं विंडोज ते त्यावर लिहिलेलं असतं."

"खरवडला."

"का?"

"घाण दिसत होता."

"बरं. आत जुन्याचं काहीतरी मागे राहतं. एखादा कोपरा, एखादी फाइल." ती पुन्हा बडवायला लागली आणि मग थांबली. "पूर्ण पुसलंस?"

"झटपट देसांकाला आवडत नाही."

वुका त्याच्याकडे पाहत राहिली. "ग्रादा, नगरपालिकेने तुला पाणी सोडायला ठेवलं हे बरं झालं. सफाईला ठेवलं असतं तर आज गाव राहिलं नसतं." मग तिने प्रोग्रॅमची सीडी उलटसुलट करून पाहिली. "ऐक. भरतकामाच्या नक्षी फ्लॉपीवर आहेत, त्या वाचल्या. पण हा प्रोग्रॅम त्या विक्रेत्याने ज्या विंडोजसाठी बनवला, त्यावरच चालतो. दुसरं काही दिसलं की तोंड फिरवतो. आधी यात कोणतं होतं ते कळलं, की ते घालून देते."

"मग सगळी एकेक घालून बघ ना."

"डिस्क ऐकतोयस ना?" वुकाने त्याचं डोकं धरून डब्याला टेकवलं. आतून म्हातारा खोकल्यासारखा आवाज येत होता. "ही पुसणं आणि भरणं एकदा सहन करेल. फार तर दोनदा. तिसऱ्यांदा ही जाईल, आणि इतकी जुनी डिस्क आता नीशच्या भंगारातसुद्धा मिळत नाही. देसांकाला विचार कोणतं होतं."

"नाही! वुका, बाई माझे, तिला कळता कामा नये. गुरुवारी ती येईल, बटण दाबेल, आणि सगळं होतं तसं असलं पाहिजे. तुझ्या तोंडून एक शब्द गेला तर मी मेलो."

"माझ्या तोंडून?" वुका तडकली. "अख्ख्या गावाची लफडी या कानांतून गेली. स्पासाने आधी कुणाला मागणी घातली होती ते स्पासाच्या बायकोला तरी माहीत आहे का? मला आहे. तोंडातून एक शब्द बाहेर पडलाय कधी?"

तो आत्ताच पडला होता. पण ग्रादिमिर गरजवंत होता.

"चल," वुका म्हणाली. "चालू झाल्यावर ते गाणं म्हणायचं. कसं म्हणायचं?"

ग्रादिमिरने घसा साफ केला. त्याच्या गळ्याबद्दल एवढंच सांगायला हवं की चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्याला घंटा वाजवायचं काम मुद्दाम दिलंय. तो गुणगुणायला लागला. तिसऱ्या सुराला त्याचा पाय हलायला लागला, पाचव्याला खांदे.

"हा कोलो झाला," वुका म्हणाली. "जत्रेत नाचतात तो. कॉम्प्युटर नाचायचा का तुझा?"

"नाही. मऊ होतं. पियानोसारखं. वर जायचं आणि वरच विरून जायचं. देसांका म्हणायची, कुणीतरी मलमलीचा पडदा बाजूला करतंय असं वाटतं."

"तसं म्हण."

ग्रादिमिरने डोळे मिटले, मलमलीचा पडदा आठवला आणि पुन्हा म्हटलं. खाटीक दारात येऊन उभा राहिला आणि त्याने पिल्लाला बरं आहे का विचारलं. वुकाने हात उंचावून त्याला गप्प केलं. मग तिने ग्रादिमिरच्या त्या फाटक्या आवाजातून काय वेचलं तिचं तिला ठाऊक, टेबलावर थाप मारली.

"विंडोज दोन हजार. शपथेवर सांगते. माझा कान आजवर चुकलेला नाही."

तिने जुन्या सीड्यांच्या डब्यातून एक काढली, डिस्क पुसली, खोकत खोकत दोन हजार आत गेलं. शेवटी कॉम्प्युटर चालू झाला आणि तेच गाणं वाजलं. मऊ, वर चढणारं, वरच विरणारं. ग्रादिमिरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हेच! वुका, हेच!"

"माहीत आहे," वुका म्हणाली आणि तिने ऐटीत प्रोग्रॅमची सीडी घातली.

चुकीची आवृत्ती.

वुकाने सिगारेट पेटवली. आधीची बशीत जळतच होती. मग ती म्हणाली, "गाणं बरोबर आहे."

"मग?"

"त्याच वर्षी आणखी एक निघालं होतं. मिलेनियम. दोघांना एकच गाणं दिलेलं, बाकी आतून काही म्हणता काही सारखं नाही. ते इतकं रुसायचं, इतकं अडायचं, की भला माणूस हे कुणाच्या घरी घालेल असं माझ्या मनातच आलं नाही." ती स्वतःवरच चिडली होती, आणि स्वतःवर चिडली की वुका समोरच्यावर ओरडते. "पण गाणं मी ऐकलंय ते तुझ्या तोंडून! तू आत्ता 'हेच' म्हणालास, पण तुला बँडवाले लग्नाचं वाजवतात की मयताचं ते तरी कळतं का? डिस्क आता एकदाच पुसता येईल, ग्रादा. एकदाच. मला साक्षीदार आण. तुझ्या घरी त्या कॉम्प्युटरसमोर आणखी कोण बसायचं?"

बसायचा एकच माणूस. शेजारचा तोझा.

तोझा रोज दुपारी देसांकाच्या हातची कॉफी प्यायला यायचा आणि कॉफी उकळेपर्यंत कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा. अडचण अशी, की तोझाच्या तोंडून खरी गोष्ट निघाल्याचं गावात कुणाला स्मरत नाही. त्याने बसस्टँडवर लांडग्याला तंबाखू मागताना पाहिलंय. त्याच्या ब्रँडीने इटलीच्या वकिलातीतल्या कुणाचं टक्कल बरं झालंय. ग्रादिमिर त्याला जवळजवळ धरूनच घेऊन आला.

"पत्ते कसे होते?" वुकाने विचारलं. "नीट आठव. फेकाफेक केलीस तर बाहेर."

"कसे म्हणजे? कोळ्याचे."

"कसल्या कोळ्याचे?"

"अगं, पत्त्यांच्या उलट्या बाजूला कोळी. आठ पायांचा. पत्ते लावत जायचे, लावत जायचे, आणि एक रंग पुरा झाला की तो आपोआप उचलला जायचा. एकदा मी असा डाव लावला की कोळी स्वतः पत्त्यावरून उतरला आणि..."

"पुरे," वुका म्हणाली.

ती विचारात पडली. कोळ्याचे पत्ते दोन हजारमध्ये नव्हतेच. मिलेनियममध्ये होते. नंतरच्या एक्सपीतही होते, पण एक्सपीचं गाणं निराळं. गाणं आणि कोळी दोन्ही एका घरात नांदले ते फक्त मिलेनियममध्ये.

"म्हणजे झालं!" ग्रादिमिर म्हणाला.

"झालं कसं? हे पत्ते याने पोस्टातल्या कॉम्प्युटरवर पाहिले असतील. जावयाच्या घरी पाहिले असतील. स्वप्नात पाहिले असतील."

"मी पोस्टात जात नाही," तोझा दुखावून म्हणाला. "पोस्टमास्तर माझ्यावर जळतो."

वुकाने कॉफी उकळायची जेझ्वा उचलली, "पाणी भरून येते," म्हणाली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. पाणी भरायला तिला बराच वेळ लागला. आत ग्रादिमिर आणि तोझा त्या खोकणाऱ्या डब्याशेजारी, डॉक्टर येण्याची वाट पाहणाऱ्या नातेवाइकांसारखे उभे होते. एकदा तोझाने हळूच डब्यावर थोपटलं.

वुका आली ती ताडताड. जेझ्वेत पाण्याचा थेंब नव्हता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मिलेनियम," ती म्हणाली. "सरका."

डिस्क पुसताना आतून असा आवाज आला की ग्रादिमिरने क्रूस केला. मग भरताना तो आवाज थांबला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. शेवटी गाणं वाजलं, अगदी तेच. वुकाने सीडी घातली. या वेळी चौकट आली ती गडप झाली नाही. तिच्यात एक सुई आणि दोऱ्याचं रीळ दिसलं, आणि तिने अगदी नम्रपणे विचारलं की कोणतं मशीन जोडलेलं आहे. ग्रादिमिरचा जीव भांड्यात पडला. त्याने आधी वुकाच्या गालांचे मुके घेतले, आमच्याकडे घेतात तसे तीन, मग तोझाच्या, आणि खाटीक पुन्हा दारात आला होता म्हणून त्याच्याही.

"पिल्लू जगलं!" तो खाटकाला म्हणाला.

गुरुवारी देसांका आली. तिने खिडक्या पाहिल्या, चूल पाहिली, खुराड्याचा चुना पाहून थोडी थांबली, आणि सरळ भरतकामाच्या खोलीत गेली. ग्रादिमिर स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होता. बटण दाबल्याचा आवाज आला. गाणं वर चढलं आणि विरलं. थोड्या वेळाने मशीन टकटक टकटक करायला लागलं. त्याने स्वतःला राकियाचा, घरच्या ब्रँडीचा, एक छोटा पेला ओतून घेतला.

"सफाई छान केलीस," ती जेवताना म्हणाली. "कॉम्प्युटरसुद्धा."

"थोडी धूळ होती," ग्रादिमिर म्हणाला.

शनिवारी नेवेनाची वरात निघाली तेव्हा प्रत्येक आरशाला पंचा फडकत होता आणि प्रत्येकावर दोन्ही नावं होती. ग्रादिमिरने दर गाडीच्या जवळ जाऊन ती वाचली. लोकांना वाटलं, त्याला चढलीय.

मग स्लावा आला. न बोलावता सगळे आले. मेणबत्ती लागली, पाव सगळ्यांनी हातात धरून फिरवला आणि मोडला, कोबीच्या पानांत खिमा भरलेल्या सारमा आल्या, आणि या वेळी खरोखरीचं भाजलेलं पिल्लू आलं. वुका व्हिएन्नाहून आलेल्या नवऱ्यासकट आली. तोझा इटालियन टकलाची गोष्ट सांगायला बसला. ग्रादिमिर ताट घेऊन भरतकामाच्या खोलीवरून जात होता, तेव्हा त्याला कॉम्प्युटरवर एक नवं झाकण दिसलं. पांढरंशुभ्र, कडेला लाल नक्षी, आणि बरोबर मध्यभागी काहीतरी काळं भरलेलं. आठ पायांचं.

"हे काय?" त्याने मागून येणाऱ्या देसांकाला विचारलं.

"कोळी," ती म्हणाली. "इतकी सफाई झालेल्या घरात एकही उरला नव्हता. म्हटलं, एक तरी असावा." आणि ती कोशिंबिरीचं भांडं घेऊन पाहुण्यांत निघून गेली.

ग्रादिमिर जागच्या जागी उभा राहिला. घरात तर कोळ्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. तोझा? तोझाला त्याने राकियाची अख्खी बाटली देऊन गप्प बसवलं होतं, आणि बाटली संपेपर्यंत तरी तो शब्दाला जागतो. मग त्याच्या डोक्यात भलतीच एक शंका आली. तो टेबलापाशी गेला आणि सारमा खात बसलेल्या वुकाच्या कानाशी वाकला. गावातला सगळ्यात तीक्ष्ण कान तो, त्याच्याशी कुजबुजणंही पुरतं.

"वुका, एक सांग. डिस्कची शेवटची पुसणी उरली होती. तोझासारख्या थापाड्याच्या एका कोळ्यावर विसंबून तू ती लावलीस कशी?"

वुकाने तोंडातला घास गिळला, ओठ पुसले आणि अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्याच्यावर कोण विसंबतंय, मी तुझ्या बायकोला फोन केला."